स्थिर पाण्यातली परीक्षा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत शिकलो. मराठीच्या प्राध्यापकाने आज रणगाड्यांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ज्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, तेथे हा विषय परका ठरू नये. शिवाय माझा खरा विषय ‘परीक्षा’ हा शब्द आहे. ‘परि’ म्हणजे सभोवार आणि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. सर्व बाजूंनी पाहिल्यावाचून परीक्षा होत नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावर पायदळाबरोबरच रणगाडेही उतरवावयाचे होते. हंगेरीत जन्मलेले आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले अभियंते निकोलस स्ट्राउसलर यांनी त्यावर एक युक्ती काढली. रणगाड्याभोवती कॅनव्हासचा उंच पडदा लावावयाचा आणि रबरी नळ्यांत हवा भरून तो उभा करावयाचा. असे केले की ३० टनांहून अधिक वजनाचा शर्मन रणगाडाही नावेसारखा तरंगे आणि मागचे दोन पंखे त्याला पुढे नेत. किनारा लागताच पडदा पाडला की तोफ मोकळी. मात्र एखादी मोठी लाट पडद्यावरून आत आली, की ते सारे लोखंड क्षणात तळाशी जाई.

या उभयचर रणगाड्यांचा सराव प्रथम इंग्लंडमधील फ्रिटन नावाच्या तळ्यावर गुप्तपणे चाले. बुडालेल्या रणगाड्यातून श्वसनयंत्राच्या साहाय्याने बाहेर कसे पडावे, याचेही शिक्षण सैनिकांना दिले जाई. पण तळे ते तळेच. समुद्राची परीक्षा समुद्रातच द्यावी लागते.

ती घेतली गेली ४ एप्रिल १९४४ रोजी, डॉर्सेटमधील स्टडलंडच्या उपसागरात. ‘स्मॅश’ हे त्या सरावाचे नाव. व्हॅलेंटाइन जातीचे रणगाडे पाण्यात उतरले आणि हवा पालटली. लाटा वाढल्या, काही रणगाडे बुडाले आणि सहा सैनिकांना जलसमाधी मिळाली. समोर शत्रू नव्हता, होती ती केवळ परीक्षा. पुढे १८ एप्रिलला राजे सहावे जॉर्ज, चर्चिल, आयसेनहॉवर आणि माँटगोमेरी यांनी त्याच किनाऱ्यावरील काँक्रीटच्या निरीक्षणगृहातून सराव पाहिला. त्या सहा जणांचे स्मारक तेथे उभे राहिले ते २००४ मध्ये.

त्यानंतर ६ जून १९४४ ची पहाट उजाडली. नॉर्मंडीतील ओमाहा किनाऱ्यासमोर समुद्र खवळलेला होता. अमेरिकेच्या ७४१ व्या रणगाडा पलटणीने किनाऱ्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर २९ रणगाडे पाण्यात सोडले. त्यांपैकी २७ बुडाले, दोनच तरून किनाऱ्याला लागले. शेजारच्या ७४३ व्या पलटणीसमोरही तोच समुद्र होता. परंतु तेथील अधिकाऱ्यांनी लाटा पाहिल्या आणि रणगाडे पाण्यात न सोडता जहाजांतूनच थेट वाळूवर नेले. यंत्र दोन्हीकडे एकच होते. स्टडलंडच्या पाण्याने दोन महिन्यांपूर्वी जे सांगितले, तेच ओमाहाचे पाणी त्या पहाटे सांगत होते.

मी त्या अधिकाऱ्यांचा न्याय करावयास उभा नाही. तोफांच्या माऱ्याखाली, काही मिनिटांत निर्णय घेणे म्हणजे काय, हे खुर्चीत बसणाऱ्याने बोलू नये. पण खुर्चीत बसूनही मी एकदा तीच चूक केली आहे आणि तिला तोफांचे निमित्तही नव्हते.

सुमारे तीस वर्षांपूर्वी एक प्रबंध माझ्याकडे परीक्षणासाठी आला. त्याची मांडणी कच्ची होती, हे पहिल्या दोन प्रकरणांतच मला कळले. उमेदवाराच्या घरची ओढगस्त मला ठाऊक होती. मी ‘समाधानकारक’ असा शेरा लिहिला आणि ती माझी सहृदयता आहे, अशी स्वतःची समजूत घातली. पुढे एका मुलाखतीत त्याच प्रबंधावरील साध्या प्रश्नापुढे तो निरुत्तर झाला. नंतर भेटला तेव्हा खाली मान घालून म्हणाला, “सर, तुम्हीच मला थांबवायला हवं होतं.” मी त्याला तळ्यात पोहताना पाहिले आणि समुद्रात सोडून दिले.

आमच्या गुरुजींनी असे कधी केले नाही. आठवीत असताना माझा एक निबंध त्यांनी तीनदा परत केला. प्रत्येक वेळी तांबड्या शाईत दोनच शब्द असत, ‘पुन्हा लिही.’ तेव्हा मला त्यांचा राग येई. चौथ्यांदा वही हाती आली तेव्हा तिच्यावर शेरा नव्हता, फक्त सही होती. त्या सहीचे मोल मला त्या तीन नकारांमुळेच कळले.

विद्यार्थी मित्रांनो, वही परत आली तर रुसू नका. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, वही परत करताना हात आखडू नका. शाळेच्या पाण्यात नाकातोंडात पाणी गेले तरी हात धरायला कोणी जवळ असते. पुढे ते असेलच असे नाही.