एकांकिकेतील प्रेम, शोक आणि घर



एकच अंक, मोजकी पात्रे आणि साधारण अर्धा ते एक तास एवढ्या अवकाशात जी नाट्यरचना एक प्रसंग निर्णयापर्यंत नेते, तिला मराठीत एकांकिका म्हणतात. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने 1963 मध्ये सुरू केलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा, मुंबईत इंडियन नॅशनल थिएटरने भरवलेली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि 2014 पासूनची लोकसत्ता लोकांकिका यांमुळे हा प्रकार मुख्यतः तरुणांच्या हाती राहिला आणि त्यातून मराठी रंगभूमीला नवे लेखक, दिग्दर्शक व नट मिळत गेले. मात्र एकांकिका लिहिण्याचे आणि बसवण्याचे शिक्षण ज्या प्रमाणात झाले, त्या प्रमाणात ती पाहण्याचे शिक्षण झाले नाही. म्हणून प्रेम, शोक आणि कुटुंब यांविषयीच्या नव्या एकांकिकांचा आस्वाद कोणत्या कसोटीवर घ्यावा, हा प्रश्न कुंभार पिंपळगावच्या या व्यासपीठावरून विचारणे उचित ठरते.

या विषयांवरील एकांकिकांबाबत दोन टोकांच्या सवयी प्रेक्षकांना आणि परीक्षकांनाही लागलेल्या दिसतात. पहिली सवय विषयाच्या वजनालाच नाटकाचे वजन समजण्याची आहे. शेतकऱ्याची आत्महत्या, स्थलांतर किंवा जातीय हिंसा मंचावर आली की संहितेतील ढिलाई माफ होते आणि नवरा-बायकोचा साधा अबोला ‘कौटुंबिक’ म्हणून खालच्या पायरीवर बसवला जातो. दुसरी सवय अश्रूंची मोजदाद करण्याची आहे. पार्श्वसंगीत चढले, नटाचा आवाज फाटला आणि सभागृहात रुमाल निघाले की प्रयोग जिंकला असे मानले जाते. पहिल्या सवयीत विषय नाटकाची जागा घेतो आणि दुसरीत परिणाम, त्यामुळे मंचावर प्रत्यक्ष काय घडले याकडे दोन्ही वेळा दुर्लक्ष होते.

येथे भारतीय नाट्यविचारातील एक जुना भेद उपयोगी पडतो. मनात मुळाशी असणाऱ्या भावनेला नाट्यशास्त्रात स्थायीभाव म्हटले आहे आणि ती भावना ज्या शारीरिक खुणांतून व कृतींतून दिसते त्यांना अनुभाव हे नाव आहे. करुण रसाचा स्थायीभाव शोक, तर शृंगाराचा रती होय. विरहातील शृंगाराला, म्हणजे विप्रलंभाला, नाट्यशास्त्रकार भरताने सापेक्ष म्हटले आहे, कारण त्यात भेटीची अपेक्षा शिल्लक असते. करुण निरपेक्ष आहे, कारण त्यात ती अपेक्षा तुटलेली असते. वाट पाहणारे घर आणि वाट पाहणे संपलेले घर यांतील अंतर या भेदाने नेमके सांगितले जाते. पुष्कळ चांगल्या एकांकिका या दोन अवस्थांच्या सीमेवरच घडतात, कारण अपेक्षा तुटण्याचा क्षण अल्पावधीत मावतो आणि तरीही त्याच्या मागेपुढे आयुष्यभराचा पसारा सूचित करता येतो.

भासाच्या नावावर असलेले ‘ऊरुभंग’ हे एकअंकी संस्कृत नाटक या दृष्टीने आजही तपासून पाहण्यासारखे आहे. गदायुद्धात मांड्या मोडून पडलेल्या दुर्योधनापाशी धृतराष्ट्र, गांधारी, त्याच्या राण्या आणि लहानगा दुर्जय येतात. दुर्जय नेहमीप्रमाणे वडिलांच्या मांडीवर बसायला पुढे सरसावतो आणि दुर्योधनाला त्याला थोपवावे लागते. पराभव, पश्चात्ताप, पुत्रप्रेम आणि मरणाची जवळीक या साऱ्या गोष्टी एका न घडलेल्या कृतीत एकवटतात. मुलाला नित्याची जागा हवी आहे आणि नाटकाचे नाव ज्या आघातावरून पडले त्या आघाताने तीच जागा नाहीशी केली आहे. येथे शोक उच्चारण्यापूर्वी तो शरीराच्या व्यवहारात अडकलेला दिसतो आणि म्हणूनच प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागत नाही.

आयरिश नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग यांची 1904 मध्ये रंगभूमीवर आलेली ‘रायडर्स टू द सी’ ही एकांकिका याच मार्गाने जाते. आयर्लंडच्या पश्चिमेकडील एका बेटावरच्या मोर्या या म्हातारीचा नवरा, सासरा आणि मुलगे एकामागून एक समुद्राने नेले आहेत. दूरच्या किनाऱ्यावर सापडलेला मोजा तिच्या मायकेल या मुलाचाच आहे की नाही, हे त्याची बहीण स्वतःच विणताना घातलेले टाके मोजून ओळखते. शेवटचा मुलगा बार्टली घरातून निघतो तेव्हा त्याची भाकरी द्यायची राहून जाते. ती घेऊन त्याच्या मागे गेलेली आई ती तशीच हातात घेऊन परत येते. पुढे त्याच्या शवपेटीसाठी घरात फळ्या असतात, पण खिळे आणायचे कुणाच्याच ध्यानात राहिलेले नसते. टाके, भाकरी आणि खिळे या तीन क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूंनी हे नाटक तोलून धरले आहे. दुःखाला घरात करण्यासारखे काही काम असले पाहिजे, ही एकांकिकेची गरज सिंग यांनी पुरेपूर ओळखली होती. काम नसलेले दुःख मंचावर लवकरच भाषण होऊन बसते.

मराठीत अलीकडच्या काळात या गरजेचे उत्तम भान प्राजक्त देशमुख यांच्या ‘देवबाभळी’त आढळते. मुळात एकांकिका असलेली ही रचना 2017 मध्ये ‘संगीत देवबाभळी’ या नावाने पूर्ण लांबीच्या नाटकाच्या रूपात आली आणि पुढे तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तुकोबांना शोधत डोंगर तुडवणाऱ्या आवलीच्या पायात काटा रुततो, विठ्ठल तो काढतो आणि जखम भरेपर्यंत तिची देखभाल करण्यासाठी रखुमाई लखूबाईच्या रूपाने तिच्या घरी येते, एवढाच या नाटकाचा सांगाडा आहे. दोन्ही स्त्रियांचे नवरे मंचावर येत नाहीत, तरी सगळे बोलणे त्यांच्याभोवतीच फिरते. आवली विठ्ठलाला बोल लावते आणि तो बोल ऐकून घेणारी त्याचीच रुसलेली पत्नी असते. प्रेमाची कबुली येथे कुणी देत नाही. ती स्वयंपाकातून, पायाच्या जखमेच्या शुश्रूषेतून आणि तक्रारीतून समजते, कारण ज्या माणसाविषयी काही वाटत नाही त्याच्याविषयी इतकी तपशीलवार तक्रार संभवत नाही.

हा विचार या परिसराला दूरचा नाही. कुंभार पिंपळगाव ज्या घनसावंगी तालुक्यात येते त्याच तालुक्यातील, समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेल्या जांब समर्थ येथील राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले आणि नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेले ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक 2012 पासून महाराष्ट्रभर गाजले. त्याचा विषय वेगळा असला तरी येथील बोली, येथील शेतकरी नट आणि येथील तिरकस विनोद मुंबई-पुण्याच्या प्रेक्षागृहात जसाच्या तसा पोहोचू शकतो, हे त्याने सिद्ध केले. तीच भाषा आता घराच्या आत वळण्याची आवश्यकता आहे. मराठवाड्यातील ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, त्या जोडीच्या कामावर फेडायची असते. या जोडीतील एकजण आजारी पडला किंवा दगावला तर रडण्याआधी उरलेली उचल कशी फिटणार हा प्रश्न उभा राहतो. या परिस्थितीवर आवेशपूर्ण स्वगत लिहिणे सोपे आहे. परंतु उरलेल्या एकट्या माणसाला मोळी बांधून डोक्यावर घ्यायची आहे आणि ती उचलून द्यायला समोर कुणी नाही, एवढे दाखवले तर प्रेम, शोक आणि अर्थव्यवस्था यांना वेगवेगळी भाषणे द्यावी लागत नाहीत.

शोकाचे नाटक गंभीरच असले पाहिजे, हाही समज सोडून देण्याजोगा आहे. अंतोन चेखव यांच्या ‘अस्वल’ या 1888 मधील एकांकिकेत नवऱ्याच्या मृत्यूनंतर घरात कोंडून घेतलेली विधवा आणि कर्जवसुलीला आलेला तापट जमीनदार भांडता भांडता प्रेमात पडतात. सतीश आळेकर यांच्या ‘महानिर्वाण’ या 1974 मधील पूर्ण लांबीच्या नाटकात तर मृत भाऊराव स्वतःच्याच अंत्यविधीविषयी कीर्तनाच्या ढंगात बोलतात. दोन्ही ठिकाणी हसू शोकाला खोटे पाडत नाही. दुःखाभोवती समाजाने रचलेला उपचार कोठे संपतो आणि खरी हानी कोठे सुरू होते, हे त्या हशामुळे अधिक स्पष्ट होते. मर्तिकाच्या घरी चहा कुणी टाकायचा, तेराव्याचा खर्च कुणी करायचा आणि फोटो कोणता लावायचा यावरून होणारी कुजबुज प्रत्येक मराठी कुटुंबाने ऐकलेली असते. नव्या लेखकांनी ती गाळून टाकण्याचे कारण नाही.

यावरून आस्वादाची जी कसोटी निघते ती अशी मांडता येईल. पात्रांना काय वाटते हे ती काय करतात किंवा काय करू शकत नाहीत यातून कळते का. प्रारंभी वापरलेली वस्तू अखेरीस वेगळा अर्थ घेऊन येते का. कुटुंबातील प्रत्येकाला स्वतःची बाजू आहे, की एकाला खलनायक करून बाकीच्यांची सुटका केली आहे. आणि वेळेची मर्यादा रचनेने स्वीकारली आहे, की तीन अंकांचे कथानक वारंवार अंधार करून कसेबसे कोंबले आहे, हे प्रश्न परीक्षकांनी तसेच प्रेक्षकांनी विचारावेत. 2022 मध्ये पुरुषोत्तम करंडक कोणत्याही संघाला न देण्याचा निर्णय परीक्षकांनी घेतला आणि त्यावर मोठा वाद झाला; गुणवत्तेविषयीची अशी चर्चा केवळ निकालाच्या दिवशी न होता प्रत्येक प्रयोगानंतर संहितेच्या आधारे झाली, तर ती अधिक फलदायी ठरेल.

त्यासाठी फार मोठ्या साधनांची गरज नाही. तालुक्याच्या आणि मोठ्या गावांच्या शाळा-महाविद्यालयांत स्पर्धेपूर्वी संहितेचे जाहीर वाचन व्हावे, परीक्षकांनी गुणांसोबत लेखी अभिप्राय द्यावेत, आणि स्पर्धा संपल्यावर धूळ खात पडणाऱ्या संहिता निवडून छापल्या जाव्यात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या लेखकाला आधीच्या लेखकाचे यश आणि चुका दोन्ही वाचायला मिळतील. कुंभार पिंपळगावसारख्या बाजाराच्या गावात एकांकिका पाहणारा प्रेक्षक त्या नाटकातील घर आतून ओळखणारा असतो. त्याला मोठ्या विषयाचा धाक दाखवून गप्प करता येत नाही आणि खोट्या रडण्याने फार काळ फसवताही येत नाही. अशा प्रेक्षकाचे मत विचारले गेले, नोंदवले गेले आणि लेखकापर्यंत पोहोचले, तर येथील नवी एकांकिका करंडकासाठी लिहिली जाण्याऐवजी त्याच्यासाठी लिहिली जाईल, आणि तशी ती लिहिली गेली म्हणजे करंडकाचा प्रश्न आपोआप दुय्यम ठरेल.