पीएमपीची तयारी

दिवसभर साइटवर किंवा ऑफिसात राबायचं आणि रात्री जेवणं उरकल्यावर पुस्तक उघडायचं, असा दिनक्रम असलेल्या मंडळींशी आज बोलायचं आहे. विषय आहे पीएमपी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापनाच्या परीक्षेची तयारी.

अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट १९६९ साली स्थापन झाली; १९८४ पासून ती ही परीक्षा घेते. चार वर्षांची पदवी असलेल्यालाही अर्जासाठी प्रकल्प चालवल्याचा तीन वर्षांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. २०२१ साली लागू झालेल्या स्वरूपात प्रश्न १८० आणि वेळ २३० मिनिटं. एका प्रश्नाला जेमतेम सव्वा मिनिट. इतका अनुभव आधीच मागणाऱ्या परीक्षेत तुमच्या निर्णयाचा कस लागतो.

समजा, असा प्रश्न आला. इमारतीचं काम अर्ध्यावर आहे. मालक येऊन तोंडीच सांगतात, ‘ही भिंत काढा, इथं मोठी खिडकी हवी.’ तुम्ही आधी काय कराल? पुष्कळजण लगेच गवंड्याला हाक मारतील. कुणी थेट नकार देईल, कुणी साहेबांना फोन लावील. अपेक्षित उत्तर असं, की खर्च, मुदत आणि इमारतीची सुरक्षितता यांवर काय परिणाम होईल ते आधी तपासा, मग बदलाला रीतसर मंजुरी घ्या. सॉफ्टवेअरचं काम अजाइल पद्धतीनं चालत असेल, तर हीच मागणी प्रॉडक्ट ओनरकडे जाते आणि कामांच्या यादीत तिचा क्रम लागतो. म्हणून प्रश्नातलं काम कोणत्या पद्धतीचं आहे, ते आधी ओळखा.

सराव परीक्षेत उत्तर चुकलं, तर आपला पर्याय आपल्याला बरोबर का वाटला, ते वहीत लिहा. बहुतेक वेळा त्यामागे रोजच्या कामातली एखादी सवय सापडते.

आकडेमोडीतही सवय अशीच फसवते. समजा, आजवर दहा लाखांचं काम व्हायला हवं होतं आणि खर्चही दहा लाखच झाला. हिशेब जुळला, असं वाटतं. पण प्रत्यक्षात काम झालंय आठ लाखांचं. म्हणजे रुपया खर्चून ऐंशी पैशांचंच काम पदरात पडलं, आणि वेळापत्रकातही आपण मागे आहोत. एवढं उमगलं, की सूत्रं घोकावी लागत नाहीत.

तेव्हा अभ्यासाला पुस्तकाच्या जोडीनं हातातलं कामही घ्या. या आठवड्यात आलेली एक तोंडी मागणी कागदावर मांडा, चालू काम आजवर किती व्हायला हवं होतं, खर्च किती झाला आणि प्रत्यक्षात किती झालं, हे तीन आकडे काढा. निकाल लागायचा तेव्हा लागेल. पण न तपासता होकार दिलेल्या बदलांपायी तुमच्या माणसांना कराव्या लागणाऱ्या रात्रपाळ्या आजपासूनच कमी होऊ लागतील.