पडद्यावरचं गाव कोणत्या तालुक्यातलं?

जुन्या मराठी चित्रपटातलं खेडं आठवून पाहा. चौसोपी वाडा, वाड्यात मिशीवर ताव देणारा पाटील, पाणवठ्यावरच्या बाया, जत्रेत उभा राहिलेला तमाशाचा फड, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच रांगडी बोली. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्यात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. त्यानंतरची पंचवीसेक वर्षं हे खेडं आपण पुन्हा पुन्हा पाहिलं. ते नेमकं आहे कुठं? यावलच्या केळीत नाही, यवतमाळच्या कापसात नाही, राजापूरच्या कातळावर तर नाहीच. ते आहे कोल्हापूरच्या आसपास. त्याचं कारण काही कलात्मक वगैरे नाही. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापुरात होती. ‘प्रभात’ही १९२९ साली तिथंच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ तिथलाच. नट, तंत्रज्ञ, घोडे, गर्दीतली माणसं, सगळं हाताशी होतं. स्टुडिओतून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल तेवढा मुलूख पडद्यावर अख्खा महाराष्ट्र झाला.

या चित्रपटांच्या खरेखोटेपणाची चर्चा निघाली की ती बहुधा बोलीवर आणि पेहरावावर येऊन थांबते. अमक्या नटीचे हेल चुकले, लुगडं असं नेसत नाहीत, फेटा असा बांधत नाहीत. मला ही कसोटी अपुरी वाटते. बोली शिकवता येते, कपडे भाड्यानं आणता येतात. प्रदेश खरा उतरला का, हे पाहायचं असेल तर दोनच गोष्टी विचाराव्यात. पडद्यावरची माणसं पोटासाठी काय करतात? आणि गावात सत्ता कुणाची चालते, ती त्या सालात तशी होती का? या प्रश्नांपुढे आपलं चित्रपटातलं खेडं, खुद्द कोल्हापूर भागाचं चित्र म्हणूनसुद्धा, फारसं टिकत नाही. वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्यानं संपली. त्याच साली पंचायत राज्य आलं. कूळकायद्यानं त्याआधीच जमिनीची मालकी हलवायला सुरुवात केली होती. गावातला वजनदार माणूस आता सोसायटीत, साखर कारखान्याच्या संचालक मंडळात, जिल्हा परिषदेत बसू लागला होता. पडद्यावरचा पाटील मात्र पुढची कित्येक वर्षं वाड्याच्या सदरेवरूनच गाव चालवत राहिला. व्ही. शांतारामांचा ‘पिंजरा’ १९७२ चा. त्या सुमारास महाराष्ट्रातली लाखो माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, बंडिंगची माती वाहत होती, लाल मिलो आणि सुकडी खात होती. ‘पिंजरा’ने दुष्काळ दाखवायला हवा होता असं मी म्हणत नाही, ती एका मास्तराच्या अधःपाताची कथा आहे आणि ती कुठल्याही सालात घडू शकते. पण त्या काळातल्या जवळजवळ सगळ्याच ग्रामीण चित्रपटांतलं गाव असं बिनसालाचं असावं, याला योगायोग म्हणता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, सिनेमा करमणुकीसाठी असतो, त्याच्याकडे गॅझेटियर म्हणून का पाहायचं? आक्षेप रास्त आहे, पण करमणूक आणि सत्य यांचं वैर आहे, असं त्यातून सिद्ध होत नाही. ‘पिंजरा’नंतर दोन-तीन वर्षांतच जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांनी ‘सामना’ केला. मुलूख तोच उसाचा. पण तिथं हिंदूराव धोंडे पाटील सदरेवर अडकून पडलेला नाही. साखर कारखाना, सहकार, राजकारण असं सगळं त्याच्या मुठीत आहे. निळू फुल्यांच्या त्या पाटलाला साल आहे, जिल्हा आहे. आणि तो चित्रपट कंटाळवाणा आहे असं कुणी म्हणेल का? त्याहून मागं जायचं तर १९२५ चा ‘सावकारी पाश’ पाहा. मूकपट, म्हणजे बोलीचा प्रश्नच नाही. बाबूराव पेंटरांनी त्यात कर्जापायी जमीन गमावून शहरातल्या गिरणीत जाणारा शेतकरी दाखवला. तरुण शांतारामांनीच ती भूमिका केली होती. एक शब्दही न बोलणाऱ्या त्या शेतकऱ्याला पोटाची चिंता होती. पुढं बोलू लागलेल्या अनेकांना ती उरली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ज्यांचं चित्र चुकलं म्हणता, त्या खेडुतांनीच तर हे चित्रपट डोक्यावर घेतले. खरं आहे. तंबूत बसून त्यांनी ते मनसोक्त पाहिले. पण या चित्रपटांचा एक मोठा आश्रयदाता मुंबईच्या गिरणगावात राहत होता, हेही विसरू नये. लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहात बसणारा माणूस सातारा-कोल्हापूरकडचा किंवा रत्नागिरीचा होता. त्याला हवं होतं ते मागं ठेवून आलेलं गाव, जत्रेच्या दिवशीचं. त्याचं खरं गाव तर त्यानं पाठवलेल्या मनीऑर्डरवर चालत होतं. कर्ते पुरुष मुंबईत, शेत बायकांच्या अंगावर, म्हातारी माणसं टपालवाल्याची वाट पाहत बसलेली. घाटावरच्या आणि कोकणातल्या कितीतरी गावांचं हे रोजचं रूप ग्रामीण चित्रपटात अगदी क्वचित आलं. तिथं सगळे गडी गावातच, आणि दिवसभर मोकळे! प्रेक्षकानं पसंती दिली ती आठवणीला. ती पसंती हा खरेपणाचा दाखला होऊ शकत नाही.

२००८-०९ पासून चित्र बदललं. ‘टिंग्या’ जुन्नरकडं गेला, ‘गाभ्रीचा पाऊस’ विदर्भात गेला, नागराज मंजुळे करमाळ्याकडचा मुलूख घेऊन आले. त्यांच्या ‘फँड्री’तलं कुटुंब घरात कैकाडी बोलतं, गावात मराठी. एका गावात एकच भाषा असते हा जुन्या चित्रपटांचा समज तिथंच मोडतो. त्या कुटुंबाचं डुकरं धरण्याचं काम हाच कथेचा कणा आहे. ते काढलं तर चित्रपट उरत नाही. स्थानिक बोली इतरांना कळणार नाही, ही निर्मात्यांची जुनी भीती होती. ‘सैराट’नं २०१६ साली ती निकालात काढली. करमाळ्याची बोली घेऊन तो नागपुरात चालला, मुंबईत चालला. त्यातली आर्ची ट्रॅक्टर चालवते, आणि तिच्या बापाची सत्ता ऊस, केळी आणि निवडणूक यांवर उभी आहे.

आता नवा साचा तयार होतोय, ही तक्रार मात्र मला मान्य आहे. विदर्भ म्हटला की आत्महत्या, मराठवाडा म्हटला की भेगाळलेली जमीन. ‘गाभ्रीचा पाऊस’ यातून सुटला, कारण आपला नवरा जीव देईल या धास्तीनं त्याच्यावर पाळत ठेवणारी, त्याला गोडधोड करून घालणारी बायको सतीश मनवर यांनी दाखवली. नवरा त्या पाळतीनं वैतागतो आणि आपल्याला हसू येतं. दुबार पेरणीचं संकट त्या हसण्यामुळं हलकं होत नाही, उलट ते एका घरातलं होतं. नुसतं दुःख दाखवणाऱ्यांना हे साधत नाही. आणि ज्या कोल्हापूरचं गाव आपण इतकी वर्षं पाहिलं, तिथल्या उद्यमनगरातल्या फाउंड्र्या आणि इचलकरंजीचे यंत्रमाग अजून पडद्यावर कितीसे आले आहेत?

एक शेवटचा मुद्दा. मातीतल्या माणसानंच मातीचा चित्रपट करावा, असं हल्ली आग्रहानं म्हटलं जातं. मंजुळ्यांकडे पाहून ते पटतंही. पण २०१८ चा ‘नाळ’ विदर्भातल्या नदीकाठच्या खेड्यातला. तिथली बोली, म्हशी, अंगण, दुपारची वेळ घालवणारी पोरं, काहीही उसनं वाटत नाही. त्याचे दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी हे आंध्रातले, तेलुगू भाषक. ‘सैराट’चा कॅमेरा त्यांनीच सांभाळला होता.