मोटारीचा आवाज

श्रोतेहो, हौसेने मोटार बाळगणाऱ्या माणसाला एक मोह हटकून होतो. जुना सायलेन्सर काढावा, रुंद तोंडाची चकचकीत नळी बसवावी, म्हणजे आवाज भारदस्त होईल आणि इंजिनाची ताकदही वाढेल, असे त्याला वाटते. या समजुतीत तथ्य किती, ते आज पाहू.

चार सिलिंडरांचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते, तेव्हा त्यात सेकंदाला १०० वेळा इंधन पेट घेते. दर वेळी तापलेला वायू झटक्यासरशी बाहेर पडतो. हा झटका म्हणजेच आवाज. तो शमवणाऱ्या साधनाचे पेटंट अमेरिकेतील मिल्टन व मार्शल रीव्ह्‌ज या बंधूंनी १८९७ साली मिळवले. सायलेन्सरच्या पोटात सच्छिद्र नळ्या आणि कप्पे असतात. ध्वनिलहरी त्यांच्या भिंतींवर आपटून परततात आणि एकमेकींना निष्प्रभ करतात. वायू मात्र आपली वाट काढून निघून जातो. आवाज अडवणे निराळे आणि वायू अडवणे निराळे. चांगला सायलेन्सर पहिले काम करतो व दुसरे शक्य तितके टाळतो.

मग सुधारणेला वावच नाही काय? आहे. नळी वाकवताना वळणावर चेपली असेल, तर तेथे वायू कोंडतो. सर्वत्र सारख्या व्यासाची नळी बसवल्यास फायदा होतो. परंतु ती वाजवीपेक्षा रुंद झाली, की वायूचा वेग मंदावतो. वेगाने निघालेला वायू सिलिंडरात मागे उरलेल्या वायूलाही ओढून नेत असतो. ती ओढच कमी होते. शहराच्या संथ रहदारीत अशी गाडी मरगळते. गडगडाट तेवढा पदरी पडतो!

खरी निकड असते ती गंजाची. एक लिटर पेट्रोल जळले, की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी रोज थोडेच अंतर चालत असेल, तर नळी पुरती तापत नाही. वाफेचे पाणी सायलेन्सरमध्ये साचते आणि पत्रा आतून कुजतो. अशा वेळी स्टेनलेस स्टीलचा सायलेन्सर घेणे ही शहाणपणाची सुधारणा होय. कारण गंजलेल्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड गळू शकतो. त्याला ना रंग, ना वास. काचा लावून बसलेल्यांचे डोके दुखू लागते, गुंगी येते, आणि प्रसंगी प्राणावर बेतते.

हाच विषारी वायू निरुपद्रवी करण्यासाठी नळीच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंच्या सान्निध्यात त्याचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते. ताकदीच्या लोभाने तो काढून टाकणारा आपले विष रस्त्यावरच्या पादचाऱ्याला वाटत जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२०व्या नियमाने सायलेन्सर सक्तीचा केला आहे, तोही केवळ मालकाचा विचार करून नव्हे.

तेव्हा, श्रोतेहो, कारागिराकडे जाल तेव्हा आवाज किती वाढेल हे विचारू नका. नळी कोठे गळते, कोठे चेपली आहे आणि पत्रा किती वर्षे टिकेल, हे विचारा. सुधारलेली गाडी गल्लीतून गेली, तर गल्लीला ते कळूही नये.