पेपरातली बातमी आणि आपले मत

(जानकीपुरम, लखनौ येथील कार्यकर्ता शिबिरात मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



या प्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी कामगाराच्या दारात सकाळी जो पेपर पडतो तो हिंदी असतो. चारबागला ड्यूटी असो, आलमबागच्या वर्कशॉपात असो की आर. एम. एस. मध्ये, निवडणुकीचे वारे आपल्याला याच पानांवरून कळते. शिवाय हिंदी वृत्तपत्रांशी आपले जुने नाते आहे. माधवराव सप्र्यांनी १९०७ साली नागपुरात 'हिंदी केसरी' काढला. काशीचे बाबूराव विष्णु पराडकर मराठी घरातले. १९२० साली निघालेल्या 'आज'चा लौकिक त्यांच्या लेखणीने वाढवला. याच पराडकरांनी १९२५ साली वृंदावनच्या संपादक संमेलनात बजावले होते, की पुढे पत्रे देखणी होतील, खप वाढेल, पण भांडवल इतके लागेल की धनिकांवाचून ती चालणार नाहीत आणि संपादकाचे स्वातंत्र्य उरणार नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर १९९० मध्ये अयोध्येत गोळीबार झाला, तेव्हा काही हिंदी दैनिकांनी मृतांचे आकडे फुगवून, शहानिशा न करता भडक मजकूर छापला. प्रेस कौन्सिलने १९९१ साली त्यांच्यावर ताशेरे ओढले. त्यांत 'दैनिक जागरण' होते, आणि पराडकरांचा 'आज'ही होता. त्याच वर्षी राज्यात विधानसभेची निवडणूक झाली. निकाल केवळ पेपरांमुळे लागला असे मी म्हणणार नाही, त्याला कारणे पुष्कळ होती. पण मतदार केंद्रावर गेला तो हे आकडे डोक्यात घेऊन गेला, एवढे तर खरे?

आता कोणी म्हणेल, पेपरवाले सांगतात म्हणून लोक मत देतात काय? देत नाहीत. १९७७ आठवा. एकोणीस महिने सेन्सॉर होता, आकाशवाणी तर सरकारचीच. तरी उत्तर प्रदेशातल्या ८५ पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही. याचे कारण असे की छापून येते ते सरकारला हवे तेच, हे तेव्हा सर्वांना माहीत होते, आणि वाचणारा तेवढे वजा करून वाचत होता. आजची अडचण निराळी आहे. कोणता मजकूर पैसे देऊन छापला आहे हे वाचकाला कळतच नाही, मग तो वजा काय करणार?

हे कसे चालते ते नीट समजून घेऊ. नव्वदीनंतर हिंदी दैनिके गावोगावी छापली जाऊ लागली, प्रत्येक जिल्ह्याला वेगळी पाने मिळाली. ही सोय चांगलीच होती. नाला तुंबला, शाळेत मास्तर नाही, अशा गोष्टी प्रथमच छापून येऊ लागल्या. पण सीतापूरचे पान लखनौत दिसत नाही आणि लखनौचे सीतापुरात दिसत नाही. म्हणजे उमेदवाराला नेमके आपल्या मतदारसंघाचे पान हेरता आले. त्यातून तालुक्याच्या वार्ताहराला पगार नावापुरता, आणि पुष्कळ ठिकाणी जाहिराती आणण्याचे कामही त्याच्याच गळ्यात. ज्या दारात जाहिरात मागायची त्याच दारातली बातमी लिहायची! त्या गरीब वार्ताहराला शिव्या देऊन उपयोग नाही, तोही आपल्यासारखाच राबणारा आहे. व्यवस्था मालकाने बसवली आहे.

बदायूं जिल्ह्यातील बिसौलीचे प्रकरण प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावे. २००७ च्या विधानसभा निवडणुकीत मतदानाच्या तोंडावर 'दैनिक जागरण' आणि 'अमर उजाला'मध्ये उमलेश यादव यांच्या बाजूचा मजकूर बातमीच्या रूपात आला. त्या निवडून आल्या. पराभूत उमेदवाराने प्रेस कौन्सिलकडे तक्रार केली आणि कौन्सिलने ती पैसे घेऊन छापलेली बातमी ठरवली. मग निवडणूक आयोगाने खर्चाचा हिशेब तपासला. त्यात हा खर्च नव्हता. २० ऑक्टोबर २०११ रोजी, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १० क खाली, त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवण्यात आले. अशा कारणावरून आमदार अपात्र होण्याची ही देशातली पहिलीच वेळ. पण लक्षात घ्या, शिक्षा झाली ती हिशेब लपवल्याची. बातमी विकत घेणे हा स्वतंत्र निवडणूक गुन्हा नाही. आणि विकणाऱ्याला प्रेस कौन्सिल समज देते, ठपका ठेवते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही.

उत्तरेकडे बोट दाखवून आपल्याला सुटता येणार नाही. २००९ साली महाराष्ट्रात 'अशोक पर्व' या मथळ्याखालचा गुणगौरव मोठमोठ्या मराठी दैनिकांत आला आणि पी. साईनाथ यांनी ते चव्हाट्यावर आणले. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्याविरुद्ध आयोगाने खर्चाच्या हिशेबावरून जुलै २०१४ मध्ये आदेश काढला; तो सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. पाच वर्षे गेली आणि हाती काही लागले नाही.

साथींनो, हा प्रश्न आपल्याला इतरांपेक्षा जास्त का लागतो? रेल्वेचे १९६६ चे आचरण नियम घ्या की केंद्रीय कर्मचाऱ्यांचे १९६४ चे, नियम ५ सांगतो की प्रचार करू नका, मत द्या पण कोणाला दिले वा देणार ते दाखवू नका. दुकानदार सभेत बोलतो, शेतकरी मोर्चात जातो. आपल्या वाट्याला उरते वाचणे आणि मत देणे. त्यातले वाचणेच कोणी पैसे टाकून ताब्यात घेतले, तर आपल्या हाती राहिले काय? आणि पैशाने भरलेल्या पानावर ठेकेदारी, पेन्शन, रिक्त जागा यांना जागा मिळत नाही; त्यांच्यासाठी कोणी पॅकेज घेत नाही.

म्हणून काही कामाच्या गोष्टी. एकच मजकूर शब्दशः दोन पेपरांत दिसला, बातमीखाली वार्ताहराचे नाव नाही, एका उमेदवाराची स्तुती आणि दुसऱ्याचा उल्लेखही नाही, तर संशय घ्या. कात्रण कापू नका. पूर्ण पान ठेवा, आवृत्तीचे नाव आणि तारीख दिसली पाहिजे. निवडणुकीच्या काळात प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते, तिच्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. दिरंगाई मात्र करू नका. मजकूर छापल्यापासून किंवा तक्रार मिळाल्यापासून ९६ तासांच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने उमेदवाराला नोटीस काढायची असते.