प्रकार अनेक, प्रश्न वेगळाच



व्याख्यानमाला वसंतातली आणि माझा विषय हिवाळ्यातला, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. थंडी पडली की दीड-दोन वर्षांच्या आतली मुलं दवाखान्यात येऊ लागतात. आधी उलट्या, मग ताप, मग पाण्यासारखी शी. टाळू बसलेली, तोंड कोरडं, दुपट्यात सकाळपासून लघवी नाही. बरोबरची आजी सांगते, "दात येतायत हो, दुसरं काही नाही." दातांवर हा आळ पिढ्यान् पिढ्या आहे. लस येण्याआधी आपल्या देशात जुलाबांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांच्या शौचात रोटाव्हायरस सापडत असे. दात बिचारे निर्दोष.

हा विषाणू माणसाच्या नजरेस पडला तो १९७३ साली. मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या लहान आतड्याचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि तिथे तो दिसला. तोपर्यंत अशा बहुतेक जुलाबांचं कारण कोणाला सांगता येत नव्हतं.

आज मी बोलणार आहे त्याच्या जनुकीय वैविध्याबद्दल. कारण असं की, लसीचा विषय निघाला की शिकलेले पालक हमखास विचारतात : "या विषाणूचे म्हणे पुष्कळ प्रकार आहेत, आणि लसीत तर एकच असतो. मग ती चालते कशी?" प्रश्न शहाणपणाचा आहे. मात्र त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि माझं भांडण तिच्याशी आहे.

आधी प्रकार म्हणजे काय ते पाहू. रोटाव्हायरसचा जनुकसंच सलग नसतो. दुहेरी धाग्याच्या आरएनएचे अकरा सुटे तुकडे असतात आणि ते डोळ्यांनी बघता येतात. मुलाच्या शौचाचा नमुना घ्यायचा, त्यातून आरएनए वेगळा काढायचा, पॉलिअॅक्रिलामाइडच्या पातळ जेलमध्ये भरायचा आणि रात्रभर विजेचा प्रवाह सोडायचा. सकाळी जेल चांदीच्या क्षारात रंगवायचं. जड तुकडे वर रेंगाळतात, हलके खाली पोचतात, आणि पिवळसर पार्श्वभूमीवर तपकिरी पट्ट्या उमटतात : वर चार, मग दोन, मग एकमेकींना चिकटून तीन, तळाला दोन. चार-दोन-तीन-दोन. हा क्रम दिसला की मुलांना होणारा नेहमीचा, म्हणजे ए गटातला रोटाव्हायरस ओळखावा. काही नमुन्यांत अकरावा तुकडा नेहमीची जागा सोडून वर थांबतो, त्याला आखूड नक्षी म्हणतात. ही आखूड नक्षी लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

विषाणूच्या बाहेरच्या आवरणात दोन प्रथिनं असतात. व्हीपी७ वरून जी प्रकार ठरतो आणि काट्यांसारख्या बाहेर आलेल्या व्हीपी४ वरून पी प्रकार. म्हणून नाव जोडीनं घेतात : जी१पी८, जी२पी४, जी९पी८ वगैरे. आज चाळीसहून अधिक जी आणि पन्नासहून अधिक पी प्रकार नोंदलेले आहेत. त्यांतले पुष्कळसे गाय, डुक्कर, घोडा, पक्षी यांच्यात आढळतात. जगभर मुलांना आजारी पाडणाऱ्या ठळक जोड्या पाच-सहाच.

हे वैविध्य येतं दोन वाटांनी. आरएनएची नक्कल होताना चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारं कोणी नसतं, ही एक वाट. दुसरी अधिक गमतीची. एकाच पेशीत दोन वेगळे रोटाव्हायरस शिरले तर बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूत थोडे तुकडे याचे, थोडे त्याचे येऊ शकतात. दोन जोड पिसून पुन्हा पानं वाटावीत तसं. त्यात एक जोड जनावराचाही असू शकतो.

असा एक डाव दिल्लीत सापडला. १९८०च्या दशकाच्या मध्यावर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान यांच्या गटाला दिसलं की, प्रसूती विभागातल्या नवजात बाळांच्या शौचात रोटाव्हायरस आहे, पण बाळं ठणठणीत आहेत. पुढे त्या बाळांवर लक्ष ठेवलं, तर त्यांना रोटाव्हायरसचे जुलाब इतरांपेक्षा कमी झाले. त्या विषाणूचं प्रयोगशाळेतलं नाव ११६ई, प्रकार जी९पी११. दहा तुकडे माणसाच्या विषाणूचे, काट्याचा एकच तुकडा गोवंशाच्या विषाणूचा. त्याच सुमारास बंगळूरमध्येही नवजात बाळांत पी११ मिळाला, पण तिथे हिशेब उलटा : जी१०पी११, बहुतेक तुकडे गोवंशाचे, दोनच माणसाचे. नवजात बाळांतच हा पी११ का रमतो, याचा उलगडा बऱ्याच वर्षांनी झाला. विषाणूचा काटा आतड्यातल्या शर्करांना चिकटतो. पी८ आणि पी४ यांना ज्या शर्करा लागतात त्या रक्तगटाशी नातं असलेल्या आणि पूर्ण घडलेल्या असतात. पी११ला त्यांचं कच्चं, अपुरं रूप लागतं आणि ते नवजात आतड्यात मुबलक असतं.

इथे एक इशारा दिला पाहिजे, नाहीतर गोष्ट फार गोड होईल. वेल्लोरच्या प्रसूती विभागातही जी१०पी११ आढळला, पण तिथली बाळं आजारी पडली आणि पुढे त्यांना संरक्षणही मिळालं नाही. जोडीच्या नावावरून विषाणूचा स्वभाव कळत नाही.

दिल्लीच्या ११६ईपासून हैदराबादच्या भारत बायोटेकनं रोटावॅक ही लस तयार केली. तिची मोठी चाचणी तीन ठिकाणी झाली : दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातलं वढू. ६,७९९ बाळं. गंभीर आजारापासून संरक्षण सुमारे ५५ टक्के. २०१६ मध्ये चार राज्यांत ती सरकारी लसीकरणात आली. महाराष्ट्रात रोटाव्हायरसची लस २०१९ मध्ये सुरू झाली. सहा, दहा आणि चौदा आठवडे, तोंडावाटे.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येतो. लसीतला पी११ आपल्याकडच्या आजारी मुलांत जवळजवळ दिसत नाही. तरी लस पी८ आणि पी४ विरुद्धही काम करते. उलट बाजूनं पाहू. परदेशी लसींपैकी रोटारिक्समध्ये एकच प्रकार आहे, जी१पी८. तीच बाटली लॅटिन अमेरिकेत सुमारे ८५ टक्के संरक्षण देते, दक्षिण आफ्रिकेत ७७ आणि मलावीत ४९. रोटाटेकमध्ये पाच प्रकार आहेत. श्रीमंत देशांत तिनं गंभीर आजार ९८ टक्क्यांनी रोखला, बांगलादेश आणि व्हिएतनाममध्ये मात्र निम्म्याच्या आसपास. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासील हीदेखील पाच प्रकारांची. नायजरमध्ये सुमारे ६७ टक्के, भारतात ४० च्या आसपास. वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून लसींची शर्यत लावू नये, हे मला मान्य आहे. पण एक गोष्ट झाकून राहत नाही : लसीत प्रकार एक असो की पाच, गरीब वस्तीत गुण कमी येतो.

वेल्लोरच्या वस्त्यांमधला अभ्यास तर याहून बोलका आहे. डॉ. गगनदीप कांग यांच्या गटानं ३७३ मुलांना जन्मापासून तीन वर्षांपर्यंत न सोडता पाहिलं. निम्म्याहून जास्त मुलांना सहा महिन्यांच्या आतच संसर्ग झाला. मेक्सिकोतल्या अशाच अभ्यासात दोन संसर्गांनंतर मध्यम आणि गंभीर आजारापासून पूर्ण संरक्षण मिळालं होतं. वेल्लोरमध्ये तीन संसर्ग होऊनही ते ७९ टक्क्यांवरच राहिलं. आणि एका प्रकारचा संसर्ग होऊन गेला म्हणून त्याच प्रकारापासून जास्त संरक्षण मिळालं, असंही आढळलं नाही.

म्हणून माझं भांडण. "प्रकार जास्त म्हणून लस कमी पडते" हे आपण फार सहज मान्य करतो, कारण त्यात दोष विषाणूचा ठरतो. संशयाची बोटं मात्र दुसरीकडे जातात : आईकडून आलेली प्रतिपिंडं, सोबत पाजलेली पोलिओची लस, आधीच वेगवेगळ्या जंतूंनी बेजार झालेलं आतडं. यातली शेवटची गोष्ट नळाच्या आणि गटाराच्या कामाशी बांधलेली आहे, विषाणूशास्त्राशी नव्हे.

मग हे जी आणि पी मोजत बसायचं कशाला? मोजायलाच हवेत, पण नीट कारणासाठी. आपल्याकडे बरीच वर्षं जी१पी८ चा जोर होता. २०१६ नंतरच्या पाहणीत जी३पी८ पुढे सरकला. लस सुरू झाली म्हणून हे झालं, असा निष्कर्ष घाईचा आहे. लस नसतानाही प्रकारांची अशी अदलाबदल जगभर होत आली आहे. २०१३ पासून ऑस्ट्रेलिया, जपान, थायलंड इथे जी३पी८ चा एक नवा अवतार पसरला. त्याचा जी३ घोड्याच्या विषाणूशी मिळताजुळता, आणि आतले तुकडे जी२पी४ च्या घराण्यातले. नाव जी३पी८, म्हणून जेलवर नेहमीची लांब नक्षी अपेक्षित, प्रत्यक्षात दिसते ती मघाची आखूड. फक्त दोन जनुकं तपासून नाव ठेवणाऱ्या प्रयोगशाळेला हा बदल कळणारच नाही. अकराही तुकडे वाचावे लागतात.

लस आल्यावर देशातल्या नऊ राज्यांतल्या ३१ रुग्णालयांत रोटाव्हायरसचं प्रमाण ४० टक्क्यांवरून २० वर उतरलं. आनंदाचीच गोष्ट, पण पाहणी करणाऱ्यांची पंचाईत अशी की रुग्ण कमी म्हणजे नमुने कमी. शिवाय उपचार तोच, मीठ-साखरेचं पाणी आणि झिंक, म्हणून डॉक्टरही शौचाचा नमुना पाठवायचा कंटाळा करतात. त्यात लसीचा जिवंत विषाणू काही बाळांच्या शौचात थोडे दिवस उतरतो. दहा आठवड्यांच्या बाळाचा नमुना जी९ निघाला, तर आधी पी पाहावा लागतो. पी८ असेल तर तो वस्तीतला विषाणू, आणि पी११ निघाला तर परिचारिकेनं नुकतेच पाजलेले थेंब.