आगीची तपासणी घरबसल्या होते काय?

(साकोली येथे लहान दुकानदार व गिरणीवाले यांच्यापुढे केलेले भाषण)



मोबाईलवर वीसपंचवीस प्रश्नांची उत्तरे भरावी, पैसे पाठवावे, की दुकानास आगीचा धोका किती याचा कागद हाती येतो, अशी सोय हल्ली झाली आहे. लहान धंदेवाल्याने तीवर विसंबावे काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

ही सोय टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. एका खोलीचे किराणा दुकान, दार रस्त्यावर, माल थोडा. तेथे मालकाने एकेक प्रश्न वाचून स्वतः उठून पाहिले तर पुष्कळ काम होते. इंग्लंडातही २००५ च्या कायद्याने ही जबाबदारी धंदा चालविणाऱ्यावर आहे, आणि साध्या जागेची तपासणी तो स्वतः करू शकतो. जागा गुंतागुंतीची असेल तर मात्र जाणता माणूस बोलवावा लागतो.

परंतु प्रश्नावलीला डोळे नाहीत. तुम्ही सांगाल तेवढेच तिला कळते. बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे काय, असे ती विचारते. आपण 'होय' लिहितो, आणि मागच्या दाराशी पोत्यांची थप्पी तशीच असते. आपल्या धानगिरण्यांत तुळयांवर कोंड्याची धूळ साचते, पट्टा घासून बेअरिंग तापते, वायरीस जोडावर जोड दिलेले असतात. बारीक धूळ हवेत उडाली व ठिणगी मिळाली की भडका होतो. महामार्गावरील खाणावळीत पेटत्या शेगडीजवळच भरलेली सिलिंडरे ठेवतात. हे जागेवर जाणाऱ्यासच दिसते.

शिवाय महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा ज्या जागांस लागू आहे, तेथे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत सादर करावे लागते. मोबाईलवरचा कागद त्याची जागा घेत नाही.

आग काय करते हे आपल्या जिल्ह्यास निराळे सांगावयास नको. ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षास आग लागली व १० बालके दगावली.

तेव्हा आमचे म्हणणे असे. प्रश्नावली मराठीत करून घ्या, नोकरांसमोर मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक प्रश्नास जागेवर जाऊन उत्तर द्या. अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्टीत आहे की नाही ते पहा व ते चालवावयास सर्वांस शिकवा. न वाचलेल्या इंग्रजी कागदावर सही करू नका. गिरणी, खाणावळ, माळ्याचे दुकान असेल तर जाणता माणूस बोलवाच. एकट्यास खर्च झेपत नसेल तर दहाजणांनी मिळून एक दिवस ठरवा व वर्गणी करा.

मालाचा विमा उतरविता येतो. रात्री कुलपाआड माळ्यावर निजणारा गरिबाचा पोर मात्र गेला तर परत येत नाही. कागद कोणताही घ्या, पण आज रात्री त्याला बाहेर पडावयास वाट आहे की नाही, हे आधी पहा.